विचारून काढलेलं रक्त

भानातात्यानं उभ्या आयुष्यात काढलेलं रक्त साठवून ठेवलं असतं, तर घोड धरणाचा कालवा दोन आवर्तनं लाल वाहिला असता आणि तिसऱ्या आवर्तनाला खालच्या गावांनी रक्त कमी आलं म्हणून मोर्चा काढला असता. मी दोरखंड विकणारा माणूस आहे. माझ्या बोलण्याला थोडा पीळ असतो, तो ज्याचा त्यानं सोडवून घ्यावा. पण तात्याच्या बाबतीत पीळ सोडवला तरी दोर फारसा लांबत नाही.

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात माझं दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि खाली कासरे, वेसणी, घुंगरमाळा. माझ्या डाव्या हाताला विळे-कोयते विकणारा लोहार बसायचा आणि उजव्या हाताला भानातात्या. म्हणजे एका बाजूला रक्त काढायची हत्यारं आणि दुसऱ्या बाजूला रक्त काढणारा. मध्ये मी, फक्त बांधून ठेवणारा.

तात्याची मांडामांड फार नव्हती. एक गोणपाट, हळदीची पुडी, आणि लोणच्याची एक चिनी मातीची बरणी. बरणीच्या तोंडाला मलमलीचं फडकं, आणि आत जळवा. पाय सुजलेले, शिरा तटतटलेल्या, खाज सुटून कातडं काळं पडलेलं अशी माणसं यायची. तात्या दुखऱ्या जागी जळू लावायचा, वर ओलं फडकं टाकायचा आणि बिडी पेटवायचा. जळू बोटाएवढी फुगली की तिच्या तोंडाला हळद लावायचा, मग ती घेतलेलं सगळं वाटीत ओकून टाकायची. माणूस काळीकुट्ट वाटी बघायचा आणि निम्मा तिथंच बरा व्हायचा.

अंगानं तात्या बाभळीच्या वाळल्या फांदीसारखा. भर मे महिन्यातसुद्धा गळ्याला मफलर. बोलणं इतकं सावकाश की त्याचं एक वाक्य संपेपर्यंत माझी दोन गिऱ्हाइकं भाव करून निघून जायची. त्यानं प्रत्येक जळूला तिच्या चालीवरून नाव दिलेलं होतं, एका चालीच्या सगळ्यांना एकच.

"ही थोरली नणंद," बरणीत बोट घालून तो दाखवायचा. "सावकाश लागती, पर लागली की सोडत न्हाई. ही चेअरमन. पोट भरल्याबिगर खुर्चीवरनं उठत न्हाई. अन् ही बारकी हाय ना, ही तलाठी. हिला कुटंबी लावा, खाती."

मग समोरच्याला विचारायचा, "बोला पावनं, नणंद लावू का तलाठी?"

एक श्रीगोंद्याचा शेतकरी म्हणाला, "नणंदच लावा तात्या. तलाठ्यानं आधीच लई काढलंय."

एकाची जळू दुसऱ्याला लावायची नाही हा त्याचा नेम. नवऱ्याची बायकोलासुद्धा नाही. ज्याची त्याची जळू वेगळ्या बाटलीत, बाटलीला वेगळ्या रंगाचा दोरा. दोरे माझ्याकडचे.

तात्याला सगळंच बरं करता यायचं असं मी म्हणणार नाही. एकदा एका हौशी माणसाच्या टकलावर त्यानं तीन बाजार जळवा लावल्या. केस काही आले नाहीत. तो माणूस तक्रार घेऊन आला तेव्हा तात्यानं टकलावरून हात फिरवला आणि म्हणाला, "जळवांना हितं करमलं न्हाई."

एवढं रक्त बघणारा माणूस, पण स्वतःचं रक्त त्याला बघवायचं नाही. न्हाव्यापुढं डोळे घट्ट मिटून बसायचा. वस्तरा जरासा लागला की पाणी मागायचा. एकदा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला बाजारतळावर रक्तदान शिबिर लागलं. तात्या तिथं गेला, सुई निरखून पाहिली, नळी पाहिली, पिशवी पाहिली आणि म्हणाला, "ही जळू लई लांब हाय. अन् हिचं पोट भरलं कवा हे तिला कोन सांगनार?" तरी बाकावर आडवा झाला. शिबिरवाल्या पोरीनं वय विचारलं आणि उठवलं. बाबा, तुमचं नाही चालणार. तात्या त्या दिवशी जेवला नाही. "आयुष्यभर घेतलं," म्हणाला, "द्यायला गेलो तर म्हनत्यात एक्सपायरी झाली."

जळवा आणायला तो पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या अंगाला जायचा. भाताची खाचरं, म्हशी डुंबतात ती डबकी, तिथं धोतर वर खोचून पाय पाण्यात सोडायचा आणि बगळ्यासारखा उभा राहायचा. गळ नको, दाणा नको. अर्ध्या दिवसात म्हणे त्याच्या पायांना इतक्या जळवा लागायच्या की लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्यानं काळे मोजे घातलेत. परत येताना बाटल्या पिशवीत आणि पिशवी एसटीच्या सीटखाली. एकदा संगमनेरच्या पुढं एका बाटलीचं फडकं सुटलं. कंडक्टर तिकिटं फाडत आला तर त्याच्या बुटातून रक्त. मागच्या बाईनं पाहिलं आणि गाडीत कुणीतरी कुणाला तरी भोसकल्याची बातमी ड्रायव्हरपर्यंत गेली. ड्रायव्हरनं गाडी थेट पोलीस चौकीकडे वळवली.

तात्या खाली वाकून पाहतो तर कंडक्टरच्या घोट्याला नणंद.

"मास्तर, हलू नका," तात्या म्हणाला. "आपलीच हाय."

"काढा आधी ती, आणि उतरा गाडीतून."

"उतरतो की. तिचं पोट भरू द्या, मंग दोघंबी उतरतो."

त्या कंडक्टरच्या घोट्याची जुनी सूज त्या दिवसापासून गेली, आणि पुढं त्या मार्गावर कुठलीही गाडी असो, खिडकीची एक जागा तात्यासाठी आणि तिच्याखालची जागा बरणीसाठी राखून असायची. हे मला तात्यानंच सांगितलं, तेव्हा यातला पीळ माझा नाही.

आता तात्या ह्या धंद्याला कसा लागला ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तरुणपणी तात्या रक्त काढायचा ते कोयत्यानं. शेजारी चुलतभाऊ, रंगनाथ. दोघांच्या रानात एक बांध. रंगनाथ दरवर्षी नांगरताना बांधाचं एखादं तास खायचा, आणि तात्या दरवर्षी रात्री जाऊन ते परत घ्यायचा. असा तो बांध गाभण म्हशीसारखा कधी इकडं कलायचा, कधी तिकडं. एका साली ऊस तोडताना दोघं बांधावर समोरासमोर आले. शब्दाला शब्द लागला आणि तात्यानं रंगनाथच्या उजव्या पोटरीवर कोयता घातला. रंगनाथ वाचला. कोर्टात त्यानं जे झालं ते सगळं खरं सांगितलं, आणि तात्या तुरुंगात गेला. तिथं एका म्हाताऱ्या कैद्याला जळवा लावायची विद्या होती. ती घेऊन तात्या बाहेर आला.

"रक्त पयले बी काढायचो, आता बी काढतो," तो म्हणायचा. "पयले न इचारता काढायचो, आता इचारून काढतो. एवढाच काय तो फरक. पर त्या एवढ्याशा फरकासाठीच कोर्ट-कचेऱ्या हायेत."

हे त्याचं तत्त्वज्ञान. बाजारात दोन पोरं एका खोंडाच्या सौद्यावरून हातघाईला आली, लोहाराच्या दुकानाकडं धावली, तेव्हा तात्या आडवा आला. "रक्तच काढायचंय ना? मंग रांगेत बसा. मी काढतो, दुखत बी न्हाई." लोक हसले. पोरं खरंच बसली. तात्यानं दोघांच्या कपाळावर एकेक जळू लावली. कपाळावर जळू लोंबत असताना समोरच्याकडं बघून रागावणं माणसाला जमत नाही. खोंड शेवटी तिसऱ्यानंच नेला.

रंगनाथशी मात्र बोलणं बंद ते बंदच. बांधाचा दिवाणी दावा चालू होता. पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली, वकिलांनी घरं बांधली, दावा चालूच.

आणि एका बाजाराला रंगनाथअण्णा माझ्या दुकानात आला. एक कासरा हातात घेतला, माझ्या पेटीवर बसला आणि उजव्या पायाचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. कासऱ्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. पाय बरोबर तात्याच्या बाजूला. पोटरीवर कोयत्याचा जुना वण, त्याच्याखाली शिरांच्या गाठी, आणि घोट्याच्या वर एक जखम, दोन वर्षं न सुकलेली. नगर झालं, पुणं झालं. आता कुणीतरी पाय काढायची भाषा केली होती.

तात्यानं पायाकडं पाहिलं. बिडी विझवली. मग मला म्हणाला, "त्या पावन्याला सांग, जखम उघडी ठिवू नको. माशा बसत्यात."

रंगनाथ मला म्हणाला, "त्याला सांग, ही जखम त्याचीच हाय. त्याच्या कोयत्यानं शिरा नासल्या."

"सांग त्याला, वन वर हाय अन् जखम खाली हाय."

"सांग त्याला, पानी वरनंच खाली येतं."

दोघांमध्ये अंतर हातभर. मी मध्ये बसून हे सगळं पुन्हा एकदा म्हणून दाखवायचो. असला बिनतारी टेलिफोन सगळ्या तालुक्यात दुसरा नसेल. शेवटी तात्यानं हळदीची पुडी पुढं ओढली आणि म्हणाला, "इचार त्याला. मी हात लावू का?"

मी विचारलं. रंगनाथनं पाय गोणपाटावर ठेवला.

तात्याच्या हाताखालून शेकडो पाय गेले होते, पण हा एक पाय असा होता की तो बरा झाला असता तर तुरुंगातून बाहेर आल्यावर केलेल्या सगळ्या कामाला अर्थ होता. आणि कापला गेला असता तर कोयत्याचा तो घाव इतक्या वर्षांनी पुरा लागला असता. त्या जखमेसाठी मात्र त्यानं नव्या, कुणालाच न लावलेल्या जळवा काढल्या आणि त्यांना नावं दिली नाहीत.

पहिल्या काही बाजारांत फरक पडला. कडा गुलाबी झाल्या, ठणका कमी झाला. रंगनाथ मला म्हणाला, "त्याला सांग, रात्री झोप लागली." तात्यानं ऐकलं नाही असं दाखवलं आणि त्या दिवशी माझ्या चहाचं सांगून आला.

मग रंगनाथ काही बाजार आलाच नाही. आला तेव्हा गाल बसलेले.

"इचार, कुटं होता?"

"सांग, लेकीकडं कोपरगावला गेल्तो. तिकडची हवा मानवली न्हाई."

"इचार, कसल्या गोळ्या-बिळ्या चालू हायेत का?"

"सांग त्याला, आमी गोळ्यांवर जगनाऱ्यातले न्हाई."

तात्यानं जळू लावली. जळू भरली, हळद लावली, सुटली. रक्त मात्र थांबलं नाही. एरवी थोडं पाझरतं, फडकं बांधलं की बसतं. हे बसेना. तात्यानं हळद दाबली, तुरटी दाबली. मग जुनी फुगलेली शीर जखमेच्या कडेला फुटली आणि धार लागली. गोणपाट भिजलं, माझे कासरे भिजले. तात्यानं पाय उचलून माझ्या पेटीवर ठेवला आणि अंगठा जखमेत रोवून बसला.

बाजार तो बाजार. "भानानं रंगनाथला परत तोडला" ही बातमी उठली. चहाच्या गाड्यापर्यंत जाईतो दोन्ही पाय तुटले होते. म्हशींच्या रांगेत मुंडकं उडालं होतं, आणि तिकडच्या दोघांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंही होतं. बातमी रंगनाथच्या पोराला, सचिनला, पिकअपमध्ये मिळाली. तो पळत आला, बापाचं रक्त पाहिलं आणि लोहाराच्या मांडणीवरचा कोयता उचलला.

"अण्णांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू हाय," तो ओरडला. "छातीत स्प्रिंग बसवलीय, महिना न्हाई झाला. माहीत असून केलं तू म्हाताऱ्या."

तेव्हा आम्हाला कळलं. कोपरगाव नाही न् लेक नाही; रंगनाथ दवाखान्यात होता. आणि त्यानं हे लपवलं ते वेडेपणानं नाही. आमच्याकडं भाऊबंदाला आपली छाती दुखते हे कधी सांगत नाहीत. दावा चालू असताना तर नाहीच. माणसात नुसती धुगधुगी उरलीय असं कळलं की बांध दोन फूट सरकतो.

सचिन कोयता घेऊन तात्याच्या डोक्यावर उभा. आम्ही दहा-पंधरा माणसं होतो, सगळी शूर, सगळी दोन पावलं मागं. तात्यानं मान वर केली नाही.

"मारायचं तर मार," तो त्याच्या नेहमीच्या सावकाश चालीनं म्हणाला. "पर आदी हितं ये, अन् मी दाबलंय तिथं तुजा अंगठा धर. माजा सुटला तर तुजा बाप हितंच जाईल. तू धरल्यावर मंग दुसऱ्या हातानं मार."

सचिननं रक्ताकडं पाहिलं, कोयत्याकडं पाहिलं. त्याला एकच गोष्ट करता येत होती. त्यानं कोयता लोहाराच्या मांडणीवर परत ठेवला आणि पिकअप मागं घेत दुकानापाशी आणली.

मागच्या हौद्यात आम्ही तिघं. रंगनाथ आडवा, पाय तात्याच्या खांद्यावर, तात्याचा अंगठा जखमेत, आणि मी कडेला धरून. रस्ता असा की बैलसुद्धा विचार करून पाऊल टाकेल.

"जरा हळू दाब," रंगनाथ म्हणाला. "हाड मोडतंय."

मी सवयीनं तात्याकडं वळलो, सांगायला. पण तात्या थेट त्याच्याशीच बोलला.

"गोळी खातो का न्हाई?"

"खातो."

"मंग सांगाया काय झालतं?"

"तुला सांगू? तुला?"

"मला नगं. ह्या दोरवाल्याला सांगायचं."

"ह्याला सांगितलं तर तुला कळलं नसतं व्हय?"

इतक्या वर्षांनी बोलले ते एवढंच.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी घट्ट बांधली, पाय उंच टांगला, आणि दिवे लागायच्या वेळेला रक्त थांबलं. तोवर बाजारातून कुणीतरी पोलिसांना मुंडक्याची वर्दी दिली होती. हवालदार आला, मुंडकं जागेवर पाहून थोडा खट्टू झाला आणि जबाब घ्यायला बसला.

"पायाला काय झालं?"

रंगनाथनं छताकडं पाहिलं. "काटा लागला."

ज्या माणसाच्या खऱ्या जबाबानं तात्या तुरुंगात गेला होता, त्या माणसानं हे म्हटलं. बाहेर सचिन भिंतीला टेकला होता, त्यानंही काट्याला मान डोलावली. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण दारात तात्या उभा होता, कोपरापर्यंत सुकलेलं रक्त.

"काटा न्हाई सायेब. मी जळू लावली. लिवा."

"आजोबा, ते म्हणतायत काटा."

"त्याला खोटं बोलायची सवय लागली. आज दुपारी बी बोलला, म्हनून हे झालं. तुमी लिवा, भानुदासनं जळू लावली."

"भाना, गप," रंगनाथ म्हणाला.

"तू गप."

हवालदारानं दोघांकडं पाहिलं, पेन खिशाला लावलं आणि आधी तुमचं ठरवा म्हणून चहाला गेला. तो परत आला नाही.

त्या दिवसानंतर तात्यानं माणसांना जळवा लावणं सोडलं. लोकांना वाटलं सचिनला भ्याला, कुणी म्हणालं पोलिसांना. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मला वाटायचं, इचारलं की झालं. इचारलं तरी मानूस खरं सांगतो असं न्हाई. आन् मी तर नीट इचारलं बी न्हाई. तुज्या तोंडानं इचारलं." मग भंडारदऱ्याला जाऊन त्यानं बरणी एका डबक्यात रिकामी केली. जाताना खिडकीची जागा मिळाली म्हणे.

रंगनाथचा पाय राहिला. जखम डॉक्टरांच्या मलमानं सुकत गेली, की त्याआधीच्या जळवांनी, यावर बाजारात दोन तट आहेत. दावा मात्र कुणी मागं घेतला नाही. मागं कशाला घ्यायचा, बांध तर तिथंच आहे.

तात्याला मी शेवटचा पाहिला तो श्रीगोंद्याच्या कोर्टाबाहेर. मी माझ्या उताऱ्यावरच्या चुकीच्या नावासाठी तहसीलला गेलो होतो. लिंबाखालच्या बाकावर दोघं म्हातारे बसले होते. रंगनाथचा उजवा पाय तात्याच्या मांडीवर, आणि तात्या जुनी पट्टी सोडून नवी बांधत होता. बांधता बांधता बडबडत होता, की तुझ्या वकिलानं मागच्या तारखेला मोजणीचा नकाशा उलटा धरला होता. रंगनाथ म्हणत होता, उलटा धरला तरी बांध माझाच निघतो.

शिपायानं पुकारा केला. भानुदास विरुद्ध रंगनाथ. तात्यानं पट्टीची गाठ मारली, ओढून पाहिली आणि उठून खांदा पुढं केला. रंगनाथनं त्यावर हात टाकला. पायऱ्या उंच होत्या; प्रत्येक पायरीवर तात्या थांबायचा, रंगनाथचा पाय वर येईपर्यंत. दारात पोचल्यावर रंगनाथनं खांद्यावरचा हात काढून घेतला, तात्यानं मफलर सारखा केला, आणि एक डाव्या बाजूला गेला, एक उजव्या.